एस. एन.

३४ वर्षं तलाठी होतो. गाव नमुने सांभाळण्यात जन्म गेला, मोडीतले कागदही वाचले. त्यामुळे कॅन्ससला लेकीकडे आल्यावर जावईबापू म्हणाले, "बाबा, बाहेर बर्फ आहे. घरबसल्या वनस्पती संग्रहालयाची लेबलं वाचून टाईप कराल?" मी चष्मा न पुसताच हो म्हटलं.

वाट्याला आलं रानटी सूर्यफूल, हेलिअँथस पेटिओलॅरिस. दाबून पापड केलेलं, रंग तंबाखूचा, खाली उजव्या कोपऱ्यात लेबल. ते लिहिणारा बहुधा चालत्या घोड्यावर असावा. मोडी परवडली, तिथे निदान आधी रेघ तरी ओढलेली असते.

पत्ता मात्र ओळखीचा वाटला. 'टी १४ एस, आर ९ डब्ल्यू, सेक्शन ३६'. अरे, हा तर गट नंबर! सहा मैल लांब, सहा मैल रुंद टाउनशिप, तिचे ३६ तुकडे, प्रत्येकी ६४० एकर. आकडे ईशान्य कोपऱ्यातून पश्चिमेला जातात, खालच्या ओळीत उलटे फिरतात, नांगराचा बैल वळतो तसे. बांध कोरायला कुणी भाऊबंद नाही. डोळे भरून आले.

फेरफारही होते. मूळ लेबलावर 'अ‍ॅन्युअस', म्हणजे आपलं नेहमीचं सूर्यफूल. शेजारी दुसऱ्या तज्ज्ञाची चिठ्ठी, 'पेटिओलॅरिस', कारण फुलाच्या मधोमध पांढरी लव. त्याखाली तिसऱ्याची, 'दोघांचा संकर'. जुनी चिठ्ठी कुणी काढत नाही. आमच्याकडे एवढ्यावर तीन पिढ्या कोर्टात गेल्या असत्या.

पण जीव जडला तो एस. एन. यांच्यावर. लेबलावर झाड गोळा करणाऱ्या साहेबाचं नाव असतं. साहेब बदलत, नावापुढे 'एस. एन.' कायम. १८९२ ला नेब्रास्कात, १९३६ ला कॅन्ससात. ४४ वर्षं, ना बदली ना बढती! नाव साहेबाचं आणि उन्हात झाडं उपटणार हा. थेट आमच्या कोतवालाची गत. मी प्रत्येक नोंदीत 'सहसंग्राहक' म्हणून त्यांना न्याय दिला. ही रोज वाढताना विचारायची, "आज एस. एन. भाऊजी कुठे गेले होते?"

गेल्या आठवड्यात जावईबापूंनी पडद्यावर डोकावून पाहिलं आणि बराच वेळ खोकले. ते लॅटिन निघालं. सिने न्युमेरो, म्हणजे संग्राहकाने क्रमांक न दिलेला नमुना.

११० नोंदी दुरुस्त करतोय. हिला अजून सांगितलेलं नाही. काल म्हणाली, "३६ साली तिकडे दुष्काळ होता म्हणे. मग डब्यात काय नेत असतील हो ते?"

"भाकरी," मी म्हटलं.