शार्क दिसला की श्वास रोखा? मग शार्कची गरजच उरत नाही

"डायव्हिंगला जाणाऱ्यांनी नक्की वाचा, जीव वाचेल" अशा मथळ्याचा एक संदेश बरेच दिवस फिरतोय. फिरत फिरत तो अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या रॅली शहरात राहणाऱ्या भाचीपर्यंत पोचला आणि तिने विचारलं, तिथल्या किनाऱ्यावरच्या मोरहेड सिटीहून बुडालेल्या जहाजांवर जायचं ठरलंय ते रद्द करू का? खुशाल कर, पण या कारणासाठी नको. संदेशातले बहुतेक दावे नुसते बावळट आहेत. एक मात्र जीवघेणा आहे, म्हणून आधी तो.

"शार्क दिसताच श्वास रोखा म्हणजे बुडबुडे येणार नाहीत, जाकिटात पूर्ण हवा भरा आणि झटक्यात वर या."

ज्याने हे लिहिलं त्याने टँक पाठीला लावलेला नाही, हे नक्की. दर १० मीटरला दाब एका वातावरणाने, म्हणजे पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाएवढा, वाढतो. ३० मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट असतो. तिथे छातीत घेतलेली ५ लिटर हवा रोखून वर आलात तर तिला २० लिटर व्हायचं असतं आणि छातीत तेवढी जागा नसते. फुप्फुस फाटतं, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकतात. माणूस वर येतो आणि काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. त्याला ३० मीटरही लागत नाहीत. भरलेल्या छातीने शेवटचे दीडेक मीटर वर येणंही पुरतं. म्हणून तर पहिल्याच दिवशी शिकवतात की श्वास कधीही रोखायचा नाही.

पाण्यात तरंगणं कमीजास्त करायला डायव्हर हवा भरायचं जाकीट घालतात, त्याचंही तेच. खाली ४ लिटर हवा भरली की वर येता येता ती १६ लिटर होते. जितके वर याल तितका वेग वाढतो, हवा सोडायचं बटण घाबरलेल्या हाताला सापडत नाही आणि मिनिटाला ९ मीटरची मर्यादा कुठल्या कुठे राहते. शिवाय वर निघालात ते अँकरच्या दोरापासून लांब. बोट जहाजाच्या सांगाड्याला बांधलेली असते, इतर डायव्हर खाली असताना ती तुमच्यामागे लगेच येऊ शकत नाही आणि त्या भागात प्रवाह जोरात असतो.

हे माझं मत नव्हे. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंगच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या संशोधकांनी १९९२ ते २००३ या काळातले हौशी डायव्हरांचे ९४७ मृत्यू तपासले. ते विश्लेषण २००८ साली छापून आलं. ज्या प्रकरणांत कारण ठरवता आलं, त्यांत सुरुवात ४१ टक्के वेळा हवा अपुरी पडण्याने झाली होती, २० टक्के वेळा कुठेतरी अडकण्याने, १५ टक्के वेळा साधनांतल्या अडचणीने. आणि प्रसंग हाताबाहेर गेला तो ५५ टक्के वेळा घाईघाईने वर येण्याने. संदेश जीव वाचवायचा उपाय म्हणून नेमकं हेच करायला सांगतो.

भीतीचा खरा हिशोब हवेचा असतो. नेहमीच्या ११ लिटरच्या अॅल्युमिनियम टँकमध्ये ५० बार (बार म्हणजे दाबाचं माप, साधारण एक वातावरण) उरले म्हणजे साधारण ५५० लिटर. घाबरलेला माणूस पृष्ठभागाच्या मापाने मिनिटाला ४० लिटर सहज ओढतो, ३० मीटरवर त्याचे १६० होतात. सावरायला एक मिनिट, नियमाच्या वेगाने वर यायला सव्वातीन-साडेतीन मिनिटं आणि अंगात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून ५ मीटरवर ३ मिनिटांचा थांबा: बेरीज ६७० लिटरच्या पुढे जाते. म्हणजे ५० बारला तळ सोडलात तर आधीच उशीर झाला. १०० बारला दोराकडे वळा.

आणि शार्क समोर आलाच तर? उभे राहा, बडीच्या, म्हणजे सोबतच्या जोडीदाराच्या, जवळ सरका, नजर त्याच्यावर ठेवा, श्वास संथ चालू ठेवा, हात अंगाशी. पाठलाग करू नका, त्याची बाहेर पडायची वाट अडवू नका. फारच घुटमळत असेल तर कॅमेरा मध्ये धरा आणि दोराने सावकाश वर चला. चावा बसून रक्त जात असेल तर ५ मीटरचा थांबा सोडला तरी चालतो, श्वास सोडत राहणं मात्र तेव्हाही सोडायचं नाही.

"जहाजात शार्क माणसांसाठी दबा धरून बसतात." दबा कसला! तिथे असतात ते बहुतेक सँड टायगर जातीचे शार्क. सांगाड्याभोवती छोट्या माशांचे ढगच्या ढग असतात, म्हणून शार्क असतात. कॅरिबसी हे मालवाहू जहाज मार्च १९४२ मध्ये जर्मन पाणबुडीने बुडवलं; आज डायव्हर तिथे जातात ते या शार्कांसाठीच. त्यांच्या अंगावरच्या ठिपक्यांचे फोटो जुळवून संशोधकांना दिसलं, की काही माद्या त्याच जहाजांवर परत परत येतात.

"दात दिसले म्हणजे तो चिडलाय." सँड टायगरचे दात तोंड मिटलेलं असतानाही बाहेर दिसतात, वाकडेतिकडे, सुयांसारखे. पृष्ठभागावर जाऊन तो हवा गिळतो आणि पोटात साठवतो, म्हणून शेपूट न हलवता पाण्यात टांगल्यासारखा राहू शकतो. कोंडीत सापडला तर मात्र शेपटीचा असा फटका मारतो की पाण्यात फटाका फुटल्यासारखा आवाज येतो. तो ऐकलात तर बाजूला व्हा, चूक तुमची आहे.

"रक्ताचा एक थेंब मैलावरून कळतो." वास पाण्याबरोबर वाहत जावा लागतो, थेंब मैलभर पोचेपर्यंत त्याचं काही उरत नाही. अर्धं खरं एवढंच, की भाल्याने मारलेला, तडफडणारा मासा त्यांना खेचून आणतो. कोणी कमरेला मासे लटकवून पोहत असेल तर त्याच्या शेजारी राहू नका. पाळीच्या दिवसांत बायकांनी पाण्यात उतरू नये, हा संदेशातला मुद्दाही याच थेंबाला जोडलाय. त्याला पुरावा नाही, पुढे चला.

"कंपन्या मांस टाकून शार्क बोलावतात." हे मान्य करावं लागतं, काही ठिकाणी बोलावतात. बहामात त्यावरच धंदा चालतो. फ्लोरिडाने आपल्या हद्दीत डायव्हरांनी शार्कना खाऊ घालणं २००१ सालीच बंद केलं. नॉर्थ कॅरोलायनाच्या जहाजांवर शार्क आमंत्रणाशिवाय हजर असतात. चकाकणारे दागिने काढून ठेवा, हा संदेशातला सल्लाही ठीकच. गढूळ पाण्यात ते माशाच्या खवल्यांसारखे चमकतात.

शेवटी संदेश म्हणतो, "असे मासे मारूनच टाकायला हवेत." सँड टायगरच्या मादीला दोन गर्भाशयं. प्रत्येकात सगळ्यात थोराड पिल्लू बाकीच्या भावंडांना आणि अंड्यांना खाऊन वाढतं. एका खेपेला पिल्लं होतात दोन. अमेरिकेच्या संघीय हद्दीत तो पकडून ठेवायला १९९७ पासून बंदी आहे. आणि हे पुढे ढकलणाऱ्यांपैकी निम्म्यांनी मालवणात मोरीचं मटण चाटूनपुसून खाल्लेलं असतं. मोरी म्हणजे शार्कच हो!

भाचीसाठी एवढंच: टँकमध्ये ३२ टक्के नायट्रॉक्स (३२ टक्के ऑक्सिजन असलेली हवा) भरून दिलं तर ३३ मीटरच्या खाली जायचं नाही. डायव्हर ज्याला पपूज म्हणतात त्या जहाजाची वाळू ३६ मीटरवर आहे, तेव्हा तिथे वरच्या भागावरच राहा. वर आल्यावर बोटीला दिसावी म्हणून फुगवायची नारिंगी खूणनळी आणि शिट्टी जाकिटाला अडकवलेली हवी.