ठोके ५२, गोळी दिली नाही

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर बॅनरचं डिझाइन आलं. सोसायटीला २५ वर्षं झाली म्हणून रविवारी कार्यक्रम आहे आणि त्यात "आपल्या सोसायटीचे प्रोफेशनल्स" असा भला मोठा फलक, फोटोसकट. डॉक्टर चार (त्यातले एक प्रॅक्टिस करत नाहीत, मेडिक्लेमच्या ऑफिसात बसतात, असो), वकील दोन, इंजिनियर तर मोजूच नका, आणि सीए म्हणून मी. माझा फोटो २०११ चा टाकलाय, त्याबद्दल मात्र तक्रार नाही.

सी विंगमधल्या सिस्टर त्यात नाहीत. २२ वर्षं आयसीयूत काढलेली बाई. मला वाटलं राहून गेलं असेल, म्हणून ग्रुपवर सहज विचारलं, तर सेक्रेटरी काकांचा मेसेज, "मॅडम, नर्सिंग ही सेवा झाली. प्रोफेशन म्हणजे कसं, डॉक्टर, वकील, सीए. सिस्टरना आपण १२ मेला, नर्स डेला, गुलाब देतोच की." खाली ११ अंगठे आणि एक हात जोडलेला.

गुलाब!!

दुपारभर ऑफिसात रिटर्न्स भरत होते पण डोक्यातून जात नव्हतं, म्हणून आता लिहितेय, लांबलं तर लांबू दे.

बाबांची गोष्ट तुमच्यातल्या काहींना अर्धी माहीत आहे. २०१७ चा पावसाळा, बाबा हार्ट फेल्युअरने अ‍ॅडमिट. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. चौथ्या दिवशी रात्री नऊला सिस्टर गोळ्यांचा ट्रे घेऊन आली, पोरगीच होती, २५-२६ ची. बाकीच्या गोळ्या दिल्या आणि एक हातात धरून थांबली. मग स्टेथोस्कोप बाबांच्या छातीवर ठेवून घड्याळाकडे बघत उभी. अख्खं एक मिनिट. तुम्ही कधी हॉस्पिटलात दिवसभर थकून, उपाशीपोटी एक मिनिट वाट बघितलीये का, फार मोठं असतं. मग तिने ती गोळी परत ट्रेमध्ये ठेवली. म्हणाली, "ठोके ५२ लागतायत. ही मी आत्ता देणार नाही, डॉक्टरांना कळवते."

आणि मी तिच्यावर ओरडले. हो, मीच. डॉक्टरांनी लिहिलंय ना, मग तुम्ही कोण ठरवणाऱ्या, असं शब्दशः म्हणाले. म्हणजे आज सेक्रेटरी काका जे म्हणतायत तेच तेव्हा मी म्हणत होते, फक्त जास्त मोठ्या आवाजात, अख्ख्या वॉर्डासमोर.

ती काही उलट बोलली नाही. बाबांना विचारलं, "आजोबा, जेवलात का?" बाबा दोन दिवस जेवतच नव्हते, मळमळतंय म्हणत होते, आम्हाला वाटलं हॉस्पिटलचं जेवण, कोणाला जाणार. मग तिने विचारलं, डोळ्यांना काही वेगळं वाटतंय का. बाबा म्हणाले, "ही ट्यूबलाइट कालपासून पिवळी का दिसतेय गं?" हे ते मला पण बोलले होते. मी म्हटलं होतं, जुनी असेल.

गोळी डिगॉक्सिनची होती, हृदयासाठीची. ती अंगात साठली की ठोके मंदावतात, मळमळतं, अन्नावरची वासना जाते आणि काहींना सगळं पिवळट दिसायला लागतं. किडनी मंद चालत असेल तर लवकर साठते. हे मला नंतर कळलं. त्या पोरीला रात्री नऊला, ३० पेशंटच्या वॉर्डात, दोघीच ड्यूटीवर असताना माहीत होतं. तिने ड्यूटीवरच्या डॉक्टरला फोन लावला, पलीकडून आवाज मला सुद्धा ऐकू आला, "दे गं, काही होत नाही." ती म्हणाली, "सर, तुम्ही येऊन बघा, मग देते." आणि फाइलमध्ये लिहिलं, वेळ घालून: ठोके ५२, डिगॉक्सिन दिली नाही, डॉक्टरांना कळवलं. खाली सही.

रक्त तपासायला गेलं. डिगॉक्सिनचं प्रमाण वर आलं, क्रिएटिनिनही वाढलेलं, म्हणजे किडनी मंद. सकाळच्या राउंडला मोठे डॉक्टर म्हणाले, "बरं झालं, आपण वेळेत पकडलं." आपण!

तर माझा मुद्दा एवढाच आहे, आणि तो मी सीए म्हणून सांगतेय कारण मला दुसरं काही येत नाही. क्लायंट पैसे देतो म्हणून त्याने पुढे सरकवलेल्या बॅलन्सशीटवर जो डोळे मिटून सही करतो त्याला आम्ही सीए मानत नाही, मनातल्या मनात तरी नाही. आमचं शिक्षण, परीक्षा, तो मेंबरशिप नंबर, हे सगळं कशासाठी, तर एक दिवस समोरच्याला "नाही, ह्यावर मी सही करणार नाही" म्हणता यावं म्हणून. बाकी आकडेमोड काय, आता सॉफ्टवेअर पण करतं. त्या पोरीने त्या रात्री हेच केलं, आणि तिच्या "नाही"च्या पलीकडे माणूस होता, माझा बाप होता. माझ्या "नाही"च्या पलीकडे फार तर जीएसटीची नोटीस असते.

आणि शिक्षण नाही म्हणू नका. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, तीन वर्षं, बीएससी नर्सिंग चार वर्षं, मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे रजिस्ट्रेशन. नंबर त्यांना पण असतो काका. गणित तर विचारूच नका, ५०० मिली सलाईन आठ तासांत, सेट एका मिलीला २० थेंबांचा, मिनिटाला किती? मी मोबाइल काढला होता. ती पोरगी सलाईनची चाकी बोटाने फिरवत म्हणाली, "एकवीस."

बरं, एक कबूल. गल्लीबोळातल्या नर्सिंग होममध्ये बारावी नापास मुलीला पांढरा कोट घालून सिस्टर म्हणून उभी करतात, हे खरंय, आणि सरकारी हॉस्पिटलात खेकसणाऱ्या सिस्टर मी पण पाहिल्यात. पण पहिल्यात दोष त्या मुलीचा की तिला चार-पाच हजारांत राबवणाऱ्या मालकाचा? सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेली समिती म्हणाली होती की ५० खाटांच्या आतल्या प्रायव्हेट हॉस्पिटलात सुद्धा नर्सला २० हजारांच्या खाली पगार नको. जाऊन विचारा आपल्या कोपऱ्यावरच्या हॉस्पिटलात, किती देतात. आणि खेकसणाऱ्या म्हणाल तर मला खेकसणारे सर्जन पण भेटलेत, त्यांना कोणी बॅनरवरून काढत नाही.

१२ मेचं पण सांगते. फ्लोरेन्स नाइटिंगेलचा, आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या बाईचा वाढदिवस. कार्डावर काय, तर तिच्या हातातला दिवा. ती बाई आकड्यांतली होती हो! क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईने जास्त मेले हे तिने आकृत्या काढून सरकारच्या नाकासमोर धरलं, लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीची पहिली बाई मेंबर तीच. तिचा दिवा ठेवलात आणि तक्ते फेकलेत. (कोणीतरी खाली लिहिणारच, म्हणून आधीच लिहिते, नर्सेसच्या रजिस्ट्रेशनला खुद्द तिचाच विरोध होता. होता. चुकली असेल. मोठी माणसं चुकतात.)

दिवा, गुलाब, परी, देवदूत, माऊली. हे सगळं म्हटलं की पगार, रजा आणि मत, तिन्ही द्यावं लागत नाही. देवदूताला कोण विचारतं तुमचं मत काय म्हणून.

आणि अरुणा शानबाग. आपल्या पिढीला सांगायला नको. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातली नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथेच तिच्यावर हल्ला झाला, ती कायमची अंथरुणाला खिळली आणि १८ मे २०१५ ला जाईपर्यंत तिथेच वॉर्डात होती, तिथल्याच नर्सेसनी सांभाळली. ४१ वर्षांहून जास्त. पेपरात सगळीकडे माया, जिव्हाळा, त्याग. खरंय, होतंच. पण एवढ्या वर्षांत तिला बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, झाला नाही, हे सुप्रीम कोर्टाने सुद्धा २०११ च्या निकालात नोंदवलं. ज्यांनी घरात झोपून असलेलं माणूस सांभाळलंय त्यांना विचारा ह्याचा अर्थ काय. आम्ही आईला घरी सांभाळली, दोघी बहिणी, माया काही कमी नव्हती, तिसऱ्या आठवड्यात माकडहाडावर जखम झाली. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला सुरकुती नको, त्वचा कोरडी हवी, टाचा टेकायला नकोत, लाल दिसलं की तिथे चोळायचं नाही, आम्ही तर तेल लावून चोळत होतो! माया असून जमलं नाही आम्हाला, कारण येत नव्हतं.

हे लिहिताना राग जरा उतरला. काका वाईट नाहीत, लॉकडाउनमध्ये सगळ्या बिल्डिंगला भाजी आणून द्यायचे. मराठीतच घोळ आहे, प्रोफेशनला व्यवसाय, ऑक्युपेशनला पण व्यवसाय, आणि किराणा दुकानाला पण व्यवसाय. पण मग डॉक्टरच्या बाबतीत हा घोळ का होत नाही कोणाचा? परत चढला बघा राग.

त्या पोरीला मी सॉरी म्हटलं नाही. डिस्चार्जच्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन गेले, ती नाईट करून घरी गेली होती. पुडा काउंटरवर ठेवला. नाव विचारायचं सुचलं नाही, तोवर मी तिला "अहो सिस्टर"च म्हणत होते. बाबा पुढे तीन वर्षं होते. ट्यूबलाइट लावली की म्हणायचे, "आज पांढरी आहे."

संध्याकाळी काकांकडे जाऊन आले. बॅनरवर जागा नाही, छपाईला गेलंय म्हणाले. म्हटलं, माझा २०११ चा फोटो काढा, तिथे त्यांचा बसेल. बघतो म्हणाले. मग सी विंगला गेले, सिस्टर डबा भरत होत्या, ऐकून हसल्या, "ताई, नका हो भांडू. रविवारी मी तशीही नसणार, नाईट आहे." रिक्षा खाली येऊन थांबली होती.

रविवारी कोणी बॅनरचा फोटो टाकलात तर मला टॅग करू नका.