जुन्या गाडीच्या एसीत स्वयंपाकाचा गॅस भरू नका!

माझ्या मामांनी 1992ची मारुती 800 अजून जिवापाड सांभाळली आहे. परवा त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज आला: एसीत गारवा देणारा जुना आर-12 गॅस आता मिळत नाही, त्याच्या जागी आलेला 134ए भरला की कॉम्प्रेसर जातो, तेव्हा सरळ घरगुती सिलिंडरचा गॅस भरा, स्वस्त पडतो, गारवा जास्त मिळतो, आणि नव्या फ्रीजमध्येही असाच गॅस असतो, म्हणजे धोका शून्य. मामांनी तो मेकॅनिकला दाखवला आणि तो भरायला तयारही झाला! म्हणून हे लिहितोय.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण जीव त्यातच जाईल. फ्रीजमध्ये आयसोब्युटेन हा एलपीजीसारखाच जळणारा गॅस असतो, खरं आहे. पण तो जेमतेम 50-60 ग्रॅम, आणि झाळून पक्क्या बंद केलेल्या नळ्यांत. गाडीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. शाफ्टचं सील, रबरी पाइप, जोडाजोडांतल्या ओ-रिंगा, सगळीकडून गॅस थोडा थोडा झिरपतो. गॅस कमी होतो म्हणूनच तर आपण मेकॅनिककडे जातो ना? आणि कूलिंग कॉइल असते डॅशबोर्डखाली, आपल्या गुडघ्यांसमोर. ब्लोअरची मोटर आणि तिच्या कार्बन ब्रशच्या ठिणग्या तिथेच.

आता हिशेब करा. जिथे 700 ग्रॅम आर-12 मावायचा तिथे एलपीजी भरतो साधारण 280 ग्रॅम. हवेत एलपीजीचं प्रमाण 2 टक्क्यांच्या आसपास गेलं की ते मिश्रण पेट घेऊ शकतं. लहान गाडीत अडीच घनमीटर हवा धरली तर 2 टक्के म्हणजे 50 लिटर, वजनात 100 ग्रॅमच्या आसपास. कॉइल फुटली तर भरलेल्या गॅसचा तिसरा हिस्सा पुरे! तोही हवेपेक्षा जड, पायांशी साचणारा, आणि एसी चालू म्हणून काचा बंद. समोरून धडक बसली तर वेगळाच धोका: हाच गॅस भरलेला कंडेन्सर रेडिएटरच्याही पुढे असतो.

अमेरिकेत 1990च्या दशकात असली हायड्रोकार्बन मिश्रणं (प्रोपेन-ब्युटेनसारखे जळणारे वायू) डब्यांत भरून विकली जात होती. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, गाडीच्या एसीत आर-12च्या जागी ती भरणं बेकायदा ठरवलं, आणि कारण दिलं ज्वलनशीलतेचं. आपल्याकडे तर घरगुती सिलिंडर भलत्या कामाला वापरणंच कायद्यात बसत नाही.

गारव्याचं म्हणाल तर प्रोपेन उत्तम शीतक आहे, हे मान्य करावंच लागेल. त्यावर चालणारे घरगुती स्प्लिट एसी भारतात विकले गेले आहेत. पण ते त्याच गॅससाठी बांधलेले असतात आणि त्यांत शुद्ध प्रोपेन असतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन-ब्युटेनचं प्रमाण ठरलेलं नसतं, वर वासासाठी मर्कॅप्टन घातलेलं असतं. स्वस्त पडतो, हे मात्र खरं.

राहिला 134ए. कॉम्प्रेसर जातो, पण तो मेकॅनिकच्या कामचुकारपणामुळे. आर-12सोबत मिनरल ऑइल चालायचं. 134ए त्यात मिसळत नाही, त्यामुळे ऑइल कॉम्प्रेसरकडे परत येत नाही आणि तो कोरडा फिरून जाम होतो. जुनं ऑइल काढा, एस्टर ऑइल घाला, ओलावा शोषणारा ड्रायर आणि ओ-रिंगा बदला, नळ्यांतली हवा खेचून नीट व्हॅक्यूम करा आणि आर-12च्या वजनाच्या 80-85 टक्केच गॅस भरा. सिग्नलला उभं असताना गारवा थोडा कमी वाटेल, एवढंच. आणि आर-12 शोधत फिरू नका; भारतात त्याचं उत्पादन 2008मध्येच थांबलं.

कोणी आधीच एलपीजी भरून घेतला असेल तर एसी लावू नका, काचा उघड्या ठेवा आणि मेकॅनिकने गेजचे पाइप जोडण्याआधी त्याला स्पष्ट सांगा. गॅस मोकळ्यावर, विडी-सिगारेट आणि वेल्डिंगपासून लांब काढायला हवा. एसीतला गॅस खेचून घेणाऱ्या नेहमीच्या रिकव्हरी मशीनला तो चुकूनही जोडू देऊ नका.