एक दिवस गाडी घरी ठेवा, मार्शल व्हा

पावसाळी ऑफ-रोड इव्हेंटची, म्हणजे चिखल-ओहोळातून गाडी काढायच्या स्पर्धेची, नुसती कुणकुण लागली की क्लबच्या ग्रुपवर गाडी नोंदवायला झुंबड उडते. थार, जिम्नी, जुन्या जिप्सी, एखादी मेजर जीप. टायर कुठले घ्यायचे, स्नॉर्केल (पाण्यातून जाताना इंजिनला हवा देणारी उंच नळी) बसवायचा का, यावर मध्यरात्रीपर्यंत चर्चा चालते. हा उत्साह मला आवडतो, मी त्यातलाच आहे. पण त्याच ग्रुपवर 'मार्शल म्हणून कोण येणार?' असं विचारलं की तीच ती चार नावं पुढे येतात. दर वेळी तीच. हे मला मनापासून खटकतं, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

मार्शल, म्हणजे स्पर्धेवर लक्ष ठेवणारा माणूस, नसेल तर स्टेज, म्हणजे स्पर्धेचा टप्पा, सुरूच होत नाही. स्टार्टला आणि फिनिशला स्टॉपवॉच घेऊन माणूस लागतो. वाटेच्या कडेला लावलेला पोल पाडला, टेप तोडली, को-ड्रायव्हरचं हेल्मेट नव्हतं, याची नोंद करणारा लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'थांबा' म्हणण्याचा अधिकार असलेला माणूस लागतो. मलेशियात 1997 साली सुरू झालेलं रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड स्पर्धा; ती 2014 साली भारतात आली ती थेट आपल्या गोव्यात, ऐन पावसात. तेव्हापासून देशभरातले ड्रायव्हर आपल्या चिखलाचं नाव काढतात. त्या चिखलात स्पर्धा सुखरूप पार पाडणारे हातही इथलेच असावेत, असं मला वाटतं.

बरेच जण म्हणतात, मार्शल झालो तर चालवायचं राहतं. माझा अनुभव उलटा आहे. ड्रायव्हरला एका अडथळ्यातून एकच लाईन दिसते, आपली. टेपपाशी दिवसभर उभं राहिलेल्याला प्रत्येक गाडीची दिसते. आपली तांबडी माती भिजली की वरचा थर लोण्यासारखा सरकतो. पहिल्या गाडीला जी चाकोरी धार्जिणी असते, तीच पाचसहा गाड्या गेल्यावर इतकी खोल होते की डिफ (दोन चाकांच्या मधला, खाली लोंबणारा गियरचा डबा) टेकतो आणि चाकं हवेत फिरत राहतात. मग कोणी चाकोरी सोडून दोन्ही बाजूंच्या उंचवट्यावर चाकं ठेवतो, कोणी टायरची हवा आणखी कमी करतो, कोणी हट्टाने ॲक्सिलरेटर दाबून आणखी रुततो. हे समोर उभं राहून पाहिल्यावर जे डोक्यात बसतं, ते नुसतं चालवून बसत नाही.

विंचचं, म्हणजे रुतलेली गाडी दोराने ओढणाऱ्या यंत्राचं, तर विचारूच नका. ताणलेला स्टीलचा दोर तुटला तर कुठे फटका देईल याचा नेम नाही, म्हणून त्यावर डॅम्पर, म्हणजे तुटलेल्या दोराची उसळी दाबणारं जड आवरण, टाकायचा. डॅम्पर नसेल तर निदान ओलं जाड गोणपाट. बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट तरी लांब ठेवायचं. दोर कप्पीतून वळवला असेल तर त्या कोनाच्या आतल्या बाजूला कोणीही उभं राहायचं नाही, कारण शॅकल (दोर अडकवायची लोखंडी कडी) किंवा झाडाचा पट्टा सुटला तर कप्पी तिकडेच झेपावते. खूण एकानेच करायची, मूठ वर गेली की विंच बंद. आपल्यातल्या किती जणांना हे रोजच्या सवयीसारखं येतं?

मागच्या पावसात सत्तरी तालुक्यातल्या एका काजूच्या भाटात (बागायतीत) पाहिलेला प्रसंग सांगतो. गाडी ओहोळातून वर येत होती, दोर ताणलेला, आणि घाईतला को-ड्रायव्हर तो ओलांडायला पाय उचलतोय. मार्शल होती आपल्याच एका सभासदाची कॉलेजात जाणारी मुलगी. शिट्टी वाजली, लाल झेंडा वर गेला. ड्रायव्हर ओरडला, वेळ वाया जातोय म्हणून. ती जागची हलली नाही. 'अंकल, आधी दोर सैल करा,' एवढंच म्हणाली आणि दोर लोंबेपर्यंत झेंडा वरच ठेवला. पावसाचं पाणी तिच्या कोपरावरून ओघळत होतं. इतक्या ठामपणे उभं राहणारी माणसं आपल्याला हवी आहेत.

काही ठिकाणी रोजंदारीवर पोरं उभी करतात. ती मेहनती असतात, पण त्यांना शॅकल म्हणजे काय हे कोणी सांगितलेलंच नसतं. त्यांना धोक्यात उभं करणं मला मुळीच पटत नाही.

दुसरी गोष्ट गावाची. समुद्रकिनाऱ्यावर गाड्या घालणाऱ्यांवर पोलीस गुन्हे नोंदवतात, त्या बातम्या सगळे वाचतात, आणि मग फोर बाय फोर दिसली की गावात कपाळावर आठी पडते. भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, विश्वासाने जागा दिलेली असते. टेपच्या पलीकडे कोणाचं कुळागर (सुपारी-नारळाची बाग), कोणाचं शेत असतं. एक चाक तिकडे गेलं तर पुढच्या वर्षी कोणत्या तोंडाने परवानगी मागणार? तो टेप राखणं हे मार्शलचंच काम.

आता कमिटीला हक्काने सांगतो. सकाळी सहाला उभं केलेल्या माणसाला दुपार उलटेपर्यंत भाजी-पाव मिळत नसेल, तर तो पुन्हा येणार नाही. प्रत्येक जागी दोघे हवेत, दर दोन-तीन तासांनी बदली हवी. घळीत मोबाईलला रेंज नसते, तेव्हा वॉकीटॉकी हवेतच. प्रथमोपचाराची पेटी आणि रुग्णवाहिका जागेवर हवी, कारण तिथून बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल जवळ नाही. मार्शलचा विमाही काढा. ड्रायव्हरचा काढता, तसाच.

आपल्या गावच्या जत्रेत दरवर्षी एक घर पाण्याचं बघतं, एक जेवणाचं, आणि त्याचं कोणाला ओझं वाटत नाही. क्लबमध्येही तसंच व्हावं. प्रत्येकाने वर्षातून एका इव्हेंटला गाडी घरी ठेवावी. ज्यांच्याकडे गाडी नाही, ज्यांनी विकली, जे नुकतेच क्लबात आलेत, ज्या बायका नवऱ्यांसोबत येऊन दिवसभर तंबूत बसतात, त्या सगळ्यांनी यावं. शिकवायची जबाबदारी आम्हा जुन्यांची.

इव्हेंटआधी रविवारी सकाळी विंच आणि झेंड्यांचा सराव घेऊ. गमबूट, रेनकोट आणि शिट्टी आणा. छत्री नको, दोन्ही हात मोकळे लागतात. जळवांसाठी मीठ मी आणतो. नाव कळवताना स्टार्ट-फिनिशला उभं राहायला आवडेल की अडथळ्यापाशी, तेही सांगा, म्हणजे जोड्या आधीच लावता येतील.