नायसियाचं तुणतुणं आता पुरे!

बायबलच्या उगमावर वाद सुरू झाला की कुणीतरी ठोकून देतंच, "३२५ साली नायसियाच्या परिषदेत मतदान घेऊन पुस्तकं निवडली." अहो, कुठून आणता हे? ख्रिस्ती बिशपांच्या त्या परिषदेचे २० नियम आजही उपलब्ध आहेत, वाचून बघा की. बिशपांची नेमणूक, छळाच्या काळात श्रद्धा सोडलेल्यांना परत घेणं, धर्मगुरूंनी व्याज खाऊ नये, सगळं आहे. ग्रंथांची यादी नाही! मुख्य भांडण एरियस नावाच्या धर्मगुरूच्या मतावरून होतं (येशू हा देवाने निर्माण केलेला, देवाच्या बरोबरीचा नाही), शिवाय ईस्टरच्या तारखेचं. नव्या करारातली, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागातली, नेमकी २७ पुस्तकं एका यादीत पहिल्यांदा दिसतात ती ३६७ साली, अलेक्झांड्रियाचा बिशप अथानेसियस याच्या पत्रात.

समोरची बाजू, म्हणजे बायबलमधलं सगळं खरंच घडलं म्हणणारेही काही कमी नाहीत. "नव्या कराराची हजारो ग्रीक हस्तलिखितं आहेत, म्हणजे घटना खऱ्याच." हस्तलिखितं ताडून मूळ मजकूर काय असावा एवढंच ठरवता येतं. मजकूर नीट जपला गेला आणि मजकुरातलं प्रत्यक्ष घडलं, हे दोन वेगळे दावे आहेत. दुसऱ्याला पुरावाही वेगळाच लागतो. शिवाय त्यातली बहुतेक हस्तलिखितं ९व्या शतकातली किंवा त्यानंतरची आहेत, हे आकडा फेकताना कुणी सांगतच नाही.