किती वॉटचे?

स्पीकर घेतोय असं कळलं की प्रत्येकाचा पहिला प्रश्न, “किती वॉटचे?” आवाज कसा आहे, हे कुणालाच नको असतं. आकडा सांगा, समोरचा समाधानाने मान डोलावतो.

आमचे भावोजी तर यातले अधिकारी पुरुष. स्पीकरच्या पाठीवरचं ‘१०० वॉट’ वाचून त्यांनी निकाल दिला, “अ‍ॅम्प्लिफायर साठाचाच घे. मोठा घेतलास तर स्पीकर उडेल.” मी म्हटलं, भावोजी, स्पीकर किती सोसेल त्याचा हा आकडा, किती मागेल त्याचा नव्हे. उलट छोट्या अ‍ॅम्प्लिफायरचा कान पिळत बसलं की त्याचा दम संपतो, सुरांच्या लाटांचे शेंडे सपाट छाटले जातात आणि पहिला बळी ट्वीटरचा, म्हणजे उंच सुरांसाठीच्या छोट्या स्पीकरचा जातो. भावोजींनी माझ्याकडे दयेने पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या सेटवर ‘१००० वॉट पीएमपीओ’ (म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा) असं ठळक छापलंय. अ‍ॅडॉप्टरवर मात्र १२ व्होल्ट, २ अँपिअर. गुणाकार केला तर २४ वॉट. तो मी नात्याखातर मनातच केला.

खरा आकडा कागदावर खाली, बारीक अक्षरात असतो: संवेदनशीलता, ८५ डेसिबल. म्हणजे एका वॉटवर, एक मीटर अंतरावर ८५ डेसिबल. तेवढ्यातच शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. वॉट दुप्पट केले की वाढतात जेमतेम ३ डेसिबल. आवाज दुप्पट वाटायला हवेत १०, म्हणजे दहापट वॉट! पन्नासाचा सोडून शंभराचा घ्या, घरातले विचारतील, “बदललं काय?” त्यापेक्षा ८८ डेसिबलचा स्पीकर घेतला तर तेच ३ डेसिबल फुकटात.

“एका वॉटात भागतं, तर शंभर कशाला?” बायकोने नेमकं बोट ठेवलं. मी सरसावून बसलो. सांगितलं, सरासरी अर्धाच वॉट लागतो. पण तबल्याची एखादी थाप २० डेसिबलने उसळते. २० डेसिबल म्हणजे शंभरपट, म्हणजे क्षणभर पन्नास वॉट. तेवढ्या क्षणासाठी साठा हवा.

तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“बरं, ती थाप आली की हाक मार. तोवर बारीक ठेव.”