ब्रेक की स्टिअरिंग? मनसरच्या चौकातला वाद

विषय निघाला तो लहान्याच्या बुलगार्डवरून. खवासाकडे रात्रीचं जाणं वाढलेलं, म्हणून नव्या गाडीला पुढून लोखंडी गार्ड ठोकून घ्यायचा त्याचा बेत. "डुक्कर आलं तर गार्डावर आदळेल, गाडीवर नाही," एवढं साधं गणित. ठेल्यावर त्या वेळी गॅरेजवाले मिस्त्री, विम्याचे सर्वेअर, जबलपूर लाइनवर ट्रक चालवणारे काका आणि जंगलखात्यातून निवृत्त झालेले गार्डसाहेब असे चौघे बसलेले. त्यामुळे तर्री-पोहे संपायच्या आत वाद पेटला.

"बुलगार्डावर केंद्रानं 2017 च्या डिसेंबरातच बंदी आणली बे," मिस्त्री म्हणाले. "आणि बंदी नसती तरी मी लावून दिला नसता. बंपरच्या मागे बीम असतो, बीमच्या मागे क्रॅश बॉक्स. ते चुरगळण्यासाठीच बनवलेत. ते चुरगळले की धक्का लांबतो, माणूस वाचतो. गार्ड थेट चेसिसला बोल्ट करतात, म्हणजे धक्का सरळ दांड्यात. त्यात एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडते. एक तर उशिरा फुटते, नाही तर नको तेव्हा."

"आणि क्लेमच्या वेळी कंपनीच्या हातात आयताच मुद्दा," सर्वेअरांनी जोडलं. "गाडीत बेकायदा फेरफार."

"मग जनावर आडवं आलं तर करायचं काय?"

"कट मारायचा नाही," काका. "बस."

इथून खरा वाद सुरू झाला. लहान्याचं म्हणणं, आताच्या गाड्यांना स्थिरता सांभाळणारी यंत्रणा असते, थोडं स्टिअरिंग फिरवलं तर काय बिघडतं? काकांनी चहाचा ग्लास बाजूला ठेवला. "रात्री तुले दिसते काय? तुझ्या दिव्यात येते तेवढंच. साइडपट्टीवर बंद ट्रक उभा आहे की पुलाचा कठडा आहे, दिसून राहिलं का? उंच गाडी 80 च्या वेगात झटक्यानं वळली, चाक मुरमात रुतलं, की उलटलीच. जुन्या दोनपदरी रस्त्यावर तर समोरून येणारा तुझी वाटच पाहून राहिला. डुकराला धडकलास तर बंपर जाते. डुकराला वाचवून झाडाला धडकलास तर तू जातोस."

गार्डसाहेबांनी एक अपवाद मान्य करून घेतला. वेग 40 च्या आत असेल आणि स्वतःच्याच लेनमध्ये जागा असेल, तर हात-दीड हात सरकायला हरकत नाही. लेन ओलांडायची नाही. आणि सरकायचंच तर जनावराच्या ढुंगणाकडच्या बाजूला, कारण ते पुढे जातंय. नजर मात्र जनावरावर खिळवायची नाही. नजर जिथे अडकते तिकडेच हात गाडी नेतात, म्हणून बघायचं ते मोकळ्या जागेकडे.

"पण मुळात 40 च्या आत असतो कोण?" सर्वेअर हसले.

हा प्रश्न मोलाचा, म्हणून बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर, हॅलोजन दिव्याचा कामाचा उजेड साधारण 50 मीटर धरला. दचकून पाय ब्रेकवर पोहोचायला दीड सेकंद. रस्ता कोरडा, टायर बरे. 60 च्या वेगात त्या दीड सेकंदात 25 मीटर जातात, थांबायला आणखी 20 लागतात, म्हणजे जनावराच्या 5 मीटर अलीकडे गाडी उभी. 80 ला 33 मीटर आधीच गेलेले, आणि कचकचून ब्रेक मारूनही धडक बसते 58 च्या आसपास. 100 ला 42 मीटर गेले, ब्रेकसाठी उरले 8, म्हणून धडक 92 ला. म्हणजे ब्रेक मारला काय नि न मारला काय. समृद्धीवर कारला 120 ची मुभा आहे. त्या वेगात पाय ब्रेकवर जाईपर्यंतच 50 मीटर संपतात.

लहान्या कागद उलटासुलटा करून बघत होता. "60 आणि 100 मध्ये एवढा फरक?"

"म्हणून म्हणतो, रस्ता मोकळा असेल तिथे अप्पर लाव," मिस्त्री म्हणाले. "समोरून गाडी आली की डिपर, आणि डिपरवर आलास की वेग पण उतरव. लोकं डिपर देतात, वेग ठेवतात तोच."

काकांना हे पटलं, पण त्यांनी पुढचं विचारलं: अप्परचा झोत डोळ्यावर पडला की चितळ जागेवर थिजतं, त्याचं काय? गार्डसाहेबांचं उत्तर असं की लांबून डोळे चमकले तर आधी ब्रेक, मग क्षणभर डिपर आणि एक-दोन आखूड हॉर्न. जनावर अगदी जवळ आलं असेल तर हॉर्न वाजवू नये, बिथरलेलं जनावर कुठल्याही दिशेला उडी मारतं. एक डोळ्यांची जोडी दिसली की मागे आणखी आहेत असंच धरायचं. पहिलं गेलं म्हणून ॲक्सिलरेटर दाबणाऱ्याला दुसरं मिळतं.

"आणि डुकराचे डोळे चमकत नाहीत, हे कोणी सांगत नाही," ते म्हणाले. चितळ, सांबर, रोही (नीलगाय) यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला उजेड परतवणारा थर असतो, तो डुकरात नसतो. अंग काळपट, उंची कमरेइतकीही नाही, डोळे विझलेले. रात्रीच्या डांबरावर रानडुक्कर म्हणजे नुसती हलणारी सावली. त्यात दुभाजकातली कण्हेर आणि बोगनवेल. झुडपातून निघालं की थेट चाकापुढे. गवाही असाच उशिरा दिसतो. आंबोली, राधानगरीकडे रात्री गवा उभा असला तर आधी दिसतात ते गुडघ्याखालचे पांढरे मोजे, वरचं सातआठशे किलोचं काळं धूड नंतर.

लहान्याला वाटत होतं, आपल्याकडे चिंता नको, हायवेखालून जनावरांसाठी रस्ते केलेत. ते खरंच आहे. पेंचमधून जाणाऱ्या 44 नंबरच्या हायवेवर महाराष्ट्राच्या हद्दीत अशी 9 बांधकामं आहेत, सगळ्यात आखूड 50 मीटरचं आणि सगळ्यात लांब 750 मीटरचं, आणि वाघ, चितळ, डुकरं सगळे त्याखालून जातात. गार्डसाहेब म्हणाले, "ती बांधकामं जंगलात आहेत ना बाप्पा. डुक्कर नि रोही रात्री कुठं असतात? धानात, तुरीत, हरभऱ्यात." जंगल संपून शेतं लागली की लोक हुश्श करून वेग वाढवतात, नेमकं तिथेच. कुंपणाची टोकं, नाल्यावरचे छोटे पूल, क्रॅश बॅरियरमधली फट, रोहींचे लेंड्यांचे ढीग दिसणारी बांधाची जागा, ही सगळी ओलांडायची ठिकाणं. रोही लेंड्या टाकायला त्याच त्या जागी परत येतात. आणि वाघ तर कुठेही. बोर अभयारण्यातला बाजीराव वाघ 2017 च्या डिसेंबरात बाजारगावजवळ नागपूर-अमरावती रस्त्यावर गाडीखाली गेला, ते काही पेंच नव्हे.

मग धडक चुकणारच नाही असं दिसलं तर? यावर मिस्त्री आणि काका शेवटपर्यंत एक झाले नाहीत.

डुक्कर बसकं. ते बंपरच्या खालच्या जाळीवर बसतं आणि गाडीखाली जातं. रोही किंवा सांबर उंच पायांचं. बंपर पाय छाटतो आणि दोन-अडीचशे किलोचं धड बॉनेटवरून घसरत काचेवर येतं. काकांचं मत असं की रोही असेल तर धडकेच्या अगदी क्षणी ब्रेक सैल सोडावा. ब्रेकनं दबलेलं नाक वर उठतं, मग धड काचेवर यायची शक्यता घटते. मिस्त्रींना हे मान्य नव्हतं. "पुस्तकात ठीक आहे. पण दचकलेला माणूस तो क्षण पकडेल का? 80 वर अर्धा सेकंद आधी सोडला तर 11 मीटर ब्रेकविना गेले. आणि डुक्कर असेल तर नाक वर उठून ते सरळ इंजिनच्या तळाशी, ऑइलच्या संपखाली." काका म्हणाले, "ट्रकवाल्याच्या पायाला कळते." मिस्त्री म्हणाले, "हा ट्रकवाला नाही." त्यावर दोघांनी एकेक पान घेतलं आणि विषय तिथेच राहिला. ज्यावर दुमत नव्हतं ते एवढंच: एबीएस, म्हणजे ब्रेकमध्ये चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असेल तर ब्रेक पूर्ण दाबून धरायचा, पायाखाली थरथरला म्हणून सोडायचा नाही, स्टिअरिंग सरळ, हात रिमच्या बाजूंवर, अंगठे बाहेर. पाय डॅशबोर्डवर टाकून बसलेल्याला आधीच पाय खाली घ्यायला लावायचे. काचेवर धड आलंच तर डोकं दरवाजाच्या खांबाकडे, खाली.

मोटरसायकलचं गणित वेगळं, आणि वाईट. तिथे 60 किलोचं डुक्करसुद्धा पुढचं चाक काढून घेतं. दोन्ही ब्रेक एकत्र, गाडी सरळ उभी, आणि धडकेआधी जितका वेग कमी होईल तितका. वळणात असताना पुढचा ब्रेक झटक्यानं दाबला की जनावरापर्यंत पोहोचायच्या आतच पडतो. 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना 2019 पासून एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे ब्रेक मारल्यावर निदान पुढचं चाक जाम होत नाही. रात्री शेतपट्ट्यातून 50 च्या वर मोटरसायकल न्यायची नाही, यावर चौघांचं एकमत होतं. हेल्मेटचा पट्टा न लावणाऱ्यांबद्दल काका जे बोलले ते इथे लिहिता येत नाही.

आता धडकेनंतरचं. इथे मिस्त्रींनी सूत्रं हातात घेतली.

चारही इंडिकेटर, गाडी डाव्या कडेला. मग डोळे मीटरवर. लाल ऑइलचा दिवा लागला तर इंजिन तिथेच बंद, दहा मीटरही पुढे नाही. डुकरानं संप फोडलेला असतो, आणि ऑइलविना इंजिन जाम व्हायला फार वेळ लागत नाही. तापमानाचा काटा चढला तरी तेच. मोबाईलच्या उजेडात पुढे खाली बघायचं. हिरवं, गुलाबी किंवा नारिंगी चिकट पाणी म्हणजे कूलंट. नुसतं स्वच्छ पाणी असेल तर ते बहुधा एसीचं. फुस्स आवाज येऊन थांबला तर एसीचा कंडेन्सर गेला. तो रेडिएटरच्या पुढे असतो, म्हणून आधी फुटतो, आणि त्यावाचून गाडी चालते. पंख्याची पाती तुटून रेडिएटरला घासत नाहीत ना, खालचं प्लास्टिकचं कवच टायरला लागत नाही ना, बॉनेटची कुंडी धरते ना, हे बघायचं. कुंडी वाकली असेल तर बॉनेट दोरीनं ग्रिलच्या मागच्या लोखंडाला बांधायचं, नाही तर 60 ला ते उघडून काचेवर येतं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. सीएनजी असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी पोटाखाली असते, तिच्याखालून डुक्कर गेलं असेल तर गाडी चालवायचीच नाही, टोइंग. नारिंगी वायरींना हात नाही.

"एअरबॅग फुटली नाही म्हणून लोकं कंपनीला शिव्या देतात," ते म्हणाले. "डुक्कर बीमच्या खालून गेलं तर सेन्सरला धक्का पुरेसा पोचतच नाही. पट्टा लावलेला असेल तर तेच बरं झालं."

गार्डसाहेबांनी मधेच थांबवलं. "गाडी बघायला उतरण्याआधी जनावर कुठं आहे ते पाहा." जखमी रानडुक्कर, विशेषतः पिल्लांसोबतची मादी, उठून अंगावर येते. पडलेल्या सांबराची शिंगं आणि खूर तेवढेच वाईट. काच खाली करून, दिवे लावून, दोन मिनिटं गाडीतूनच बघायचं, पण मागून वाहतूक जोरात असेल तर आधी बॅरियरपलीकडे जाणं महत्त्वाचं. जनावराला हात लावायचा नाही, ओढायचं नाही, पाणी पाजायचं नाही. इशाऱ्याचा लाल त्रिकोण 50 मीटर मागे ठेवावा, पण रस्त्यातून नव्हे, कडेकडेनं चालत जाऊन. ते पडलेलं धूड लेनमध्येच असेल तर दुसरा अपघात तिथेच होतो. म्हणून पहिला फोन 112 किंवा राष्ट्रीय महामार्गावर 1033, त्याच ओघात वनखात्याचा 1926. माणूस जखमी असेल तर 108. सांगताना गावाचं नाव नको, कडेचा किलोमीटरचा दगड आणि कुठून कुठल्या दिशेला जातोय ते.

छातीवर, पोटावर पट्ट्याचा काळानिळा वळ उठला असेल तर बरं वाटत असलं तरी दवाखाना. आतला रक्तस्राव लगेच कळत नाही. मे 2025 पासून केंद्राची योजना आहे: रस्ते अपघातातल्या जखमीवर योजनेतल्या रुग्णालयात 7 दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंत विनारोख उपचार. ॲडमिट करताना विचारायचं.

"आणि मांस?" लहान्यानं हळूच विचारलं. मेलेलं डुक्कर रस्त्यावर कुजू द्यायचं?

गार्डसाहेबांचा आवाज बदलला. 1972 च्या वन्यजीव कायद्याचं कलम 39: मेलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता. ताबा आला तर 48 तासांत पोलीस किंवा वनाधिकाऱ्याला कळवायचं. "अपघात म्हणजे शिकार नव्हे, कळवलंत तर पंचनामा होतो, कागद मिळतो. डिक्कीत एक तंगडी सापडली की तो अपघात राहत नाही, शिकार होते. मग गाडीपण जप्त."

तोच कागद सर्वेअरांना हवा असतो. थर्ड पार्टी विम्यात जनावराच्या धडकेत झालेलं स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळत नाही, त्यासाठी स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण असलेली पॉलिसी लागते. गाडी हलवण्याआधी फोटो: नंबरप्लेटसह समोरून, गाडीखालून, बंपरला चिकटलेले केस, रस्त्यावरचे ब्रेकचे पट्टे, जनावर लांबून. कंपनीला लगेच कळवायचं आणि सर्व्हे होईपर्यंत भाग उघडायचे नाहीत. "सगळ्यात जास्त क्लेम कशात अडकतात माहीत आहे? रेडिएटर फुटल्यावर तशीच 20 किलोमीटर चालवली, इंजिन जाम झालं. रेडिएटरचे पैसे मिळतात. इंजिनचे नाही. ते पुढचं नुकसान तुमच्या चालवण्यानं झालं."

लहान्यानं बुलगार्डचा विषय सोडला होता, पण आता त्याला जास्त उजेडाचे बल्ब हवे होते. मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "आधी आहेत ते दिवे सरळ कर. लेव्हलचं चाक कितीवर आहे तुझं?"

त्याला असं चाक असतं हेच माहीत नव्हतं. स्टिअरिंगच्या उजव्या हाताला, 0 ते 3. मागे ओझं असलं की आकडा वाढवायचा, गाडी रिकामी असताना 0. रिकाम्या गाडीत ते 3 वर राहिलं तर डिपर तीसेक मीटरवरच जमिनीला टेकतो, आणि वरचा सगळा हिशेब आणखी बिघडतो. तपासायला सपाट जागा आणि भिंत पुरते: 10 मीटर मागून डिपर लावला की उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण 10 सेंटिमीटर खाली दिसली पाहिजे.

ठेल्यामागे ग्रामपंचायतीची भिंत होती. मिस्त्रींनी पावलांनी 10 मीटर मोजले, लहान्यानं गाडी आणून लावली. उजेडाची कड दिव्याच्या उंचीपेक्षा चांगली वीतभर खाली होती. चाक 3 वर.